निळा निवडा, पण दगडाला विचारून

अमेरिकेत घर घेताना भिंतींचा रंग आपण ठरवतो. फायरप्लेस मात्र घराबरोबर पदरात पडते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेनं रचून घेतलेली ती दगडी भिंत हलवता येत नाही आणि झाकली तर दिवाणखान्याचा रुबाबच जातो. तरीही रंगकाम काढलं की बहुतेक मंडळी सुरुवात करतात ती डब्यापासून. एखाद्या मासिकात सुरेख निळी खोली दिसते, दुकानातून त्याच नावाचा रंग येतो आणि भिंतींना दुसरा हात मारून झाल्यावर ध्यानात येतं, की मासिकातला तो निळा आपल्या घरात जांभळट दिसतोय. नाहीतर इतकी वर्षं छान राखाडी वाटलेला दगड एकाएकी पिवळा पडलाय.

हे का होतं आणि कसं टाळायचं, ते क्रमानं पाहू. आधी दगड, मग निळा, त्यानंतर उजेड, आणि सोफा-गालिचा-उशा सगळ्यात शेवटी. दगड बदलता येत नाही, निळा बदलता येतो. म्हणून पहिला मान दगडाचा.

दगड कोणत्या जातीचा?

भर दुपारी, दिवे बंद करून फायरप्लेससमोर उभे राहा आणि एक कोरा पांढरा कागद दगडाला टेकवून धरा. पांढऱ्याशेजारी दगडाची खरी झाक उघडी पडते. नुसता ‘राखाडी’ वाटणारा दगड निळसर आहे, हिरवट आहे की तांबूस, हे लगेच कळतं. मग एका कोपऱ्यात ओलं फडकं फिरवा. ओल्या दगडातले दडलेले रंग वर येतात: गंजलेले तपकिरी पट्टे, गुलाबी ठिपके, शेवाळी कडा. सुकल्यावर ते मिटतात, पण त्यातले तांबूस-पिवळे रंग रात्री दिव्यांच्या उजेडात पुन्हा पुढे येतात. त्यामुळे आत्ताच त्यांची नोंद करून ठेवा.

घर कुठलं आहे यावरूनही बराच अंदाज येतो, कारण जुन्या घरांत दगड सहसा जवळपासच्या खाणीतला असे. फिलाडेल्फियाच्या आसपास विसाहिकन शिस्ट भेटतो: राखाडी, त्यात निळसर आणि तपकिरी छटा, वर अभ्रकाची चमक. न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातला ब्लूस्टोन हा जातीनं वालुकाश्म; त्याच्या सपाट निळसर-राखाडी फरश्या फायरप्लेसच्या पुढच्या ओट्याला खूप वापरल्या गेल्या. न्यू इंग्लंडमध्ये शेतातून वेचलेले ओबडधोबड धोंडे असतात, त्यात ग्रॅनाइटचा गुलाबी, पांढरा, काळा सगळाच मेळ. शिकागो आणि मिलवॉकीच्या उपनगरांत विस्कॉन्सिनमधला लॅनन स्टोन, म्हणजे बदामी-राखाडी चुनखडक. टेक्सासात ऑस्टिनच्या बाजूला चुनखडक जवळजवळ सायीच्या रंगाचा.

नव्या घरांत पुष्कळदा खाणीतला दगड नसतोच. सिमेंट, हलकी खडी आणि लोह-ऑक्साइडचे रंग साच्यात ओतून बनवलेले पातळ तुकडे भिंतीला चिकटवलेले असतात. ओळखायची खूण सोपी: नीट पाहिलं तर एकाच आकाराचा ‘दगड’ दोन-तीन ठिकाणी पुन्हा सापडतो आणि कोपरा उडालेला असेल तर आत साधं सिमेंट दिसतं. यात कमीपणा काही नाही, पण साफसफाईचे नियम वेगळे होतात. ते पुढे येतीलच.

महाबळेश्वर-पाचगणीला बंगला बांधताना फायरप्लेसची हौस करणाऱ्यांची गोष्ट जरा निराळी. तिथे दगड म्हणजे एकतर काळा पाषाण नाहीतर जांभा. एक काळपट, दुसरा तांबडा. दोघांना लागणारे निळे पूर्ण वेगळे.

दगडाइतकंच लक्ष दर्जांकडे द्या. दोन दगडांमधल्या चुन्या-सिमेंटच्या त्या रेघा आपण पाहतच नाही, पण ओबडधोबड दगडाच्या बांधकामात त्यांनी बरीच जागा व्यापलेली असते. खिडक्यांच्या चौकटी, छत आणि कडेच्या लाकडी पट्ट्यांसाठी जो पांढरा लागणार आहे, तो या दर्जांच्या रंगावरून निवडा. दर्जा मातकट असतील तर सायीकडे झुकणारा पांढरा, करड्या असतील तर किंचित राखाडी पांढरा. दुकानातला शुभ्र पांढरा अशा दर्जांशेजारी लावला की दर्जा मळलेल्या वाटतात आणि त्यांच्यापायी दगडही.

निळा शेजारी आला की दगड बदलतो

मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांसाठी हा कारखाना नावाजलेला. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासलं तर धागा उत्तम रंगलेला होता. शेजारच्या निळ्यामुळे डोळ्यालाच तो फिका भासत होता. १८३९ साली त्यानं या विषयावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आपल्या दिवाणखान्यात नेमकं हेच घडतं. निळ्याच्या शेजारी जो रंग येतो त्यावर डोळा निळ्याच्या विरुद्ध रंगाची, म्हणजे नारिंगी-पिवळ्याची झाक चढवतो. तपकिरी दगडाचा त्यात फायदाच होतो, तो अधिक उबदार दिसतो. पण करडा, उदासीन रंगाचा दगड मळकट-पिवळा दिसू लागतो. म्हणून दगडाच्या जातीप्रमाणे निळा असा ठरवा:

• निळसर राखाडी दगड (ब्लूस्टोन, शिस्ट): भिंतीचा निळा दगडाइतकाच गडद ठेवलात तर दोन्ही एकमेकांना खातात. एकतर चांगला गर्द निळा घ्या, नाहीतर पारव्याच्या पिसाचा फिका करडा-निळा. मधला, भडक निळा टाळा.

• तपकिरी, तांबूस किंवा जांभा: ही सर्वांत सोपी जोडी. किंचित हिरव्याकडे झुकणारा, धूसर, खोल निळा शोभतो. फॅरो अँड बॉलचा ‘हेग ब्लू’ या कुळातला. जांभळ्याकडे झुकणारा शाई-निळा मात्र तांबड्याशी भांडतो.

• सायीचा, बदामी चुनखडक: नेव्ही इथे उठून दिसतो. बेंजामिन मूरचा ‘हेल नेव्ही’ किंवा शेर्विन-विल्यम्सचा ‘नेव्हल’ नमुन्याला आणून पाहा. आकाशी रंग टाळलेला बरा. त्याच्याशेजारी सायीचा दगड नुसता पिवळा दिसतो.

• अनेक रंगांचे गोलसर धोंडे: भिंत आधीच खूप बोलते आहे. तिच्याभोवती मध्यम, करडा मिसळलेला शांत निळा ठेवा. नक्षीचा वॉलपेपर आणि ठसठशीत छापांचे पडदे अशा खोलीत नकोत.

• काळा पाषाण: गर्द निळ्याच्या वाटेला जाऊ नका, खोली अंधारून येते. अस्मानी किंवा फिका मोरपंखी घ्या; काळ्या दगडाची धार त्यावर छान दिसते.

रात्रीचं मत जड धरा

रंगाच्या कार्डामागे एलआरव्ही नावाचा आकडा छापलेला असतो. रंग किती उजेड परतवतो हे तो सांगतो: ० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. ‘नेव्हल’ला शेर्विन-विल्यम्सनं २०२० सालचा रंग म्हणून जाहीर केलं आणि तो घराघरांत पोहोचला. त्याचा एलआरव्ही आहे फक्त ४. म्हणजे भिंतीवर पडलेला जवळजवळ सगळा उजेड तो गिळतो. दोन मोठ्या खिडक्या असलेल्या खोलीत हे देखणं दिसतं. एकच खिडकी असेल तर दिव्यांची सोय आधी वाढवावी लागते.

खोलीचं तोंड कोणत्या दिशेला आहे तेही पाहा. अमेरिका-कॅनडा-इंग्लंडात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही; येणारा उजेड दिवसभर एकसारखा आणि निळसर असतो. त्यात फिका निळा गारठलेला दिसतो. अशा खोलीत धीटपणे गर्द रंगाकडे जावं किंवा हिरवट झाक घ्यावी. दक्षिणेच्या उन्हात फिके निळे छान तग धरतात. खोली पश्चिमेची असेल तर दुपारनंतरच्या सोनेरी उन्हात निळा हिरवट होतो, हे धरून चाला.

पण आपण नोकरी करणारी माणसं या खोलीत बसतो कधी? संध्याकाळी सातनंतर, आणि हिवाळ्यात तर साडेचारपासूनच बाहेर काळोख. निळा रंग निळा दिसतो तो त्याच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग परतवून. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात निळा भाग कमी असतो, जाळाच्या उजेडात त्याहूनही कमी. परतवायला निळंच उरलं नाही की नेव्ही काळा होतो आणि फिका निळा राखाडी. दुकानातल्या पांढऱ्याधोप ट्यूबखाली पाहिलेला रंग घरी शेकोटीजवळ ओळखू येत नाही, तो यामुळेच.

तिन्हीसांजेची वेळ आणखी फसवी. दिवे लावण्याआधीच्या मंद उजेडात डोळ्यांना निळे रंग लाल-तपकिरी रंगांपेक्षा उजळ भासतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे टिपलं आणि त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं. त्या अर्ध्या तासात कुठलाही निळा मोहात पाडतो, तेव्हा निर्णय घेऊ नका.

नमुना पाहायची रीत अशी. दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्ड घ्या, तीनच छटा निवडा आणि प्रत्येक बोर्डावर कडेपर्यंत दोन हात मारा. भिंतीवर थेट ठिपके काढू नका. भोवतालचा जुना रंग डोळ्याला फसवतो. बोर्ड दगडाला अगदी चिकटवून उभा करा, नंतर समोरच्या भिंतीला लावा. सकाळी, दुपारी, रात्री दिव्यांत आणि एकदा शेकोटी पेटवून पाहा. चारपैकी दोन वेळा रात्रीच्या आहेत आणि त्यांचं मत जड धरायचं. नेव्ही रात्री काळा दिसला तरी चालेल का, हे घरातल्या सगळ्यांना विचारा. काहींना तो गर्दपणा फार आवडतो. नसेल आवडत तर त्याच कुळातला एक-दोन पायऱ्या उजळ रंग घ्या. रात्री तो तुम्हाला हव्या त्या जागी येऊन थांबतो.

किती निळा?

घरसजावटीत साठ-तीस-दहाचा ढोबळ नियम सांगतात: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम, दहा टक्के ठसका. ही बेरीज करताना दगड मोजायचा राहून जातो. दगड हाही रंगच. निळ्या भिंती साठ धरल्या तर तीस टक्क्यांतला मोठा वाटा दगड आणि जमिनीचं लाकूड यांनीच घेतलेला असतो. तुमच्या हातात उरतात ते दहा, आणि त्यात पितळ, मोहरी-पिवळा किंवा मरून यांतला एखादाच रंग घ्यावा.

दगडाच्या दोन्ही बाजूंना भिंतीचे जे अरुंद पट्टे उरतात तिथे हात अडखळतो. ते पांढरे ठेवले की दगड वरून चिकटवल्यासारखा दिसतो. बाकी भिंतींचाच निळा तिथे न्या. दगड पुढे येतो आणि भिंत मागे सरते. तिथे भिंतीतली पुस्तकांची कपाटं असतील तर त्यांनाही तोच निळा द्या, फळ्यांच्या मागच्या बाजूसकट. एकाच भिंतीला निळा लावायचा बेत असेल, तर तो फायरप्लेसच्या भिंतीला लावा. समोरच्या भिंतीला लावलात तर खोलीत दोन मालक होतात.

आठ फुटी छताच्या खोलीत छत उजळच ठेवा. भाड्याचं घर असेल किंवा रंगकामाची तयारी नसेल, तर भिंती सायीच्या ठेवून निळा सोफ्यात आणि गालिच्यात आणा. दगडाशी जमवायचे नियम तेच राहतात.

डबा उघडण्यापूर्वी

हिशेब करून पाहू. खोली अठरा फूट बाय चौदा फूट, छत नऊ फूट. घेर चौसष्ट फूट, म्हणजे भिंती ५७६ चौरस फूट. आठ फूट रुंद दगडी भाग वजा केला तर ७२ गेले. खिडक्या-दारांचे साधारण ८० गेले. उरले ४२४. दोन हातांचे ८४८. एक गॅलन ३५० ते ४०० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे सव्वादोन ते अडीच गॅलन. तीन आणा, उरलेला पुढे ओरखडे झाकायला लागतो. तिन्ही डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळा, कारण दोन डब्यांत छटेचा किंचित फरक असू शकतो आणि गर्द निळ्यात तो कोपऱ्यावर उघडा पडतो. गर्द रंगाखाली पांढऱ्याऐवजी राखाडी प्रायमर मारला की हात कमी लागतात. भिंतीवरचे खड्डे आधी लांबी भरून घासून घ्या. गर्द रंगात प्रत्येक खड्डा दिसतो. दगड खरखरीत आणि मंद आहे, म्हणून भिंतीलाही चमक नको. मॅट किंवा एगशेल पुरे.

घर १९७८ पूर्वीचं असेल तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी जुन्या रंगात शिसं आहे का ते तपासून घ्या. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर त्या वर्षी बंदी आली. शिशाची धूळ लहान मुलांना फार घातक असते. तसं आढळलं तर काम प्रमाणित माणसाकडेच द्या.

खरी परीक्षा असते ती दगड आणि भिंत मिळतात त्या वाकड्यातिकड्या कडेवर. खरखरीत दगडाला चिकटपट्टी धरत नाही, तिच्याखालून रंग झिरपतो आणि दगड तो पिऊन टाकतो. दगडावर प्लास्टिक टांगा. दीड इंची तिरक्या केसांचा ब्रश आणि रंगारी वापरतात तसा पातळ पत्रा घ्या. पत्रा दगडाच्या कडेला धरायचा, ब्रश भिंतीकडून कडेकडे ओढायचा आणि दर दोन फुटांवर पत्रा पुसायचा. थेंब पडलाच तर ओल्या फडक्यानं तिथल्या तिथे टिपा. चोळलात तर तो दगडाच्या छिद्रांत बसतो. या एका कडेला बाकी तिन्ही भिंतींच्या कडांहून जास्त वेळ लागला तरी लागू द्या.

दगडाला हात लावण्याआधी

पुष्कळदा दगड कुरूप नसतो, नुसता काजळलेला असतो. आधी ब्रशच्या तोंडाचा व्हॅक्यूम फिरवा. मग काजळी पुसायचा कोरडा रबरी स्पंज वापरा. पाणी लावून काजळी आणखी आत घालवू नका. शेवटी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. चुनखडकाला व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलंही आम्ल लावायचं नाही; चुना विरघळतो आणि पृष्ठभाग खातो. सिमेंटच्या कृत्रिम दगडालाही आम्ल आणि जोराचा फवारा चालत नाही, वरचा रंग उडतो.

दगडाला पांढरा रंग देण्याची लाट अधूनमधून येते. तिला बळी पडण्यापूर्वी एवढं ध्यानात घ्या, की खरखरीत, छिद्रांच्या दगडावरून रंग पुरता काढणं जवळपास अशक्य असतं. भोवतालचा निळा बदलला की तोच दगड वेगळा दिसतो, म्हणून आधी भिंती रंगवा आणि एक हिवाळा जाऊ द्या. तरीही दगड डोळ्यांत खुपत असेल तर जाड रंगाऐवजी चुन्याची पातळ सफेदी करून पाहा. दगडाचा पोत तिच्यातून दिसत राहतो.

आगीचे नियम रंगाच्या आधी

गर्द निळी भिंत आणि जाड लाकडी मँटल, म्हणजे फायरप्लेसच्या तोंडावरची फळी, ही जोडी फार देखणी. पण लाकूड आगीपासून किती दूर हवं याचे नियम ठरलेले आहेत. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेप्रमाणे दगड-विटांच्या फायरप्लेसमध्ये तोंडाच्या ६ इंचांच्या आत लाकूड चालत नाही. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात लाकूड किती पुढे यावं यालाही मर्यादा आहे: तोंडापासूनच्या दर इंच अंतरामागे फक्त एक अष्टमांश इंच. म्हणजे ८ इंचांवर बसवलेली पट्टी १ इंचच पुढे येऊ शकते. जाड मँटल हवा असेल तर तो १२ इंचांच्या वर न्या. पुढचा न जळणारा ओटाही किमान १६ इंच बाहेर आणि दोन्ही बाजूंना ८-८ इंच जास्त हवा. तोंड ६ चौरस फूट किंवा त्याहून मोठं असेल तर हेच आकडे २० आणि १२ होतात. कारखान्यात बनलेल्या लोखंडी फायरप्लेसला तिच्या पुस्तिकेतले आकडे लागू होतात, आणि गावचे नियम याहून कडक असू शकतात.

सोफा, पडदे, उशा, वर्तमानपत्रांचा गठ्ठा यांतलं काहीही आगीपासून ३ फुटांच्या आत नको. धुराडं वर्षातून एकदा तपासून घ्या. लाकडाच्या धुरातून आत साचलेला चिकट थर, म्हणजे क्रिओसोट, पेट घेतो. लाकूड २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचं, चांगलं वाळलेलं असावं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. गॅसच्या फायरप्लेसची काच विझवल्यानंतरही बराच वेळ भाजण्याइतकी तापलेली असते. नव्या उपकरणांना संरक्षक जाळी येते, जुन्याला नसेल तर बसवून घ्या. घरात रांगतं मूल असेल तर ओट्याच्या दगडी कडांना जाड गादीची पट्टी लावा. ती निळी मिळते की काळी याचा विचार नंतर.

टीव्ही कुठे?

सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे ४० ते ४२ इंचांवर असतात. मँटलच्या वर टांगलेल्या टीव्हीचा मध्य सहज ६५-७० इंचांवर जातो. क्रिकेटचा अख्खा सामना मान वर करून पाहावा लागतो आणि खालून येणारी उष्णता टीव्हीलाही मानवत नाही. दगडात भोकं पाडावी लागतात ती वेगळीच. टीव्ही शेजारच्या निळ्या भिंतीवर घ्या. बंद टीव्हीचा काळा चौकोन गर्द निळ्यावर जवळजवळ दिसेनासा होतो. सोफा दोघांच्या मध्ये तिरका ठेवा किंवा एक फिरती खुर्ची आणा.

बैठक, कापड आणि पितळ

बैठकीचं तोंड आगीकडे हवं आणि समोरासमोरच्या आसनांत आठ फुटांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर बोलायला आवाज चढवावा लागतो. चहाचं टेबल सोफ्यापासून १६-१८ इंचांवर. गालिचा एवढा मोठा घ्या की सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर येतील. मध्यम खोलीला आठ बाय दहा फुटांचा पुरतो. ओट्याजवळ लोकरीचा गालिचा बरा. ठिणगी पडली तर लोकर काळवंडते आणि विझते, पॉलिप्रॉपिलीन वितळतं.

आपल्याकडच्या वस्तू निळ्या-दगडी खोलीत फार छान बसतात, फक्त सगळ्या एकाच वेळी बाहेर काढू नयेत. खणाच्या उशांचे अभ्रे मरून किंवा मोहरी रंगात दोन, फार तर तीन. खणाची वीण बारीक असते; लांबून ती एकरंगी दिसते आणि ओबडधोबड दगडाशी भांडत नाही. आजीची जुनी गोधडी सोफ्याच्या पाठीवर टाकली तर तेवढीच नक्षी खोलीला पुरे. सागाचं किंवा शिसवीचं फर्निचर निळ्यासमोर खुलतं. मँटलवर पितळेची एकच मोठी वस्तू ठेवा, एखादा घंगाळ्याएवढा ऐवज. दहा छोट्या मूर्तींची रांग दगडाच्या पोतात हरवून जाते.

दिवे २७०० केल्विनचे आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वरचे घ्या, म्हणजे निळ्यातलं जेवढं उरतं तेवढं नीट दिसेल. दगडाच्या वर, भिंतीपासून ८-१० इंचांवर छतात बसवलेला दिवा दगडावरून खाली घासत जाणारा उजेड टाकतो. प्रत्येक दगडाची सावली पडते आणि पोत उठून दिसतो. समोरून टाकलेला झोत दगड सपाट करतो. सगळ्या दिव्यांना डिमर लावा.

गणपतीत अनेक घरांत मखर फायरप्लेससमोरच मांडतात. मागे दगड, भोवती निळा, पुढे झेंडू: याहून चांगली पार्श्वभूमी सहज मिळायची नाही. तेवढे दिवस गॅसची पायलट ज्योत बंद करा आणि धुराड्याची झडप लावून घ्या. झडप उघडी राहिली तर वाऱ्यानं खाली आलेली राख नैवेद्यावर पडते. समई मखराच्या कागदी-कापडी सजावटीपासून लांब, दगडी ओट्यावर ठेवा.

पैसे कुठे घालावेत

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा लावा: आधी धुराड्याची तपासणी आणि दगडाची साफसफाई, मग रंग, मग दिवे, मग गालिचा. सोफा शेवटी. नवा सोफा आधी घेऊन त्याला जुळणारा निळा शोधत बसणं म्हणजे तिसऱ्याच्या सोयीनं पहिल्या दोघांचं लग्न ठरवणं.

आणि निवड करताना भीती कशाची बाळगायची ते नीट ओळखा. भिंतीवरचा निळा चुकला, तर तीन गॅलन आणि एक शनिवार-रविवार, एवढ्यात तो दुरुस्त होतो. दगडावर चढवलेला रंग, दगडात पाडलेली भोकं आणि आम्लानं खाल्लेला चुनखडक मात्र तसेच राहतात. तेव्हा निळ्याच्या बाबतीत खुशाल धीट व्हा. सावधपणा सगळा दगडासाठी राखून ठेवा.